मार्गशिलांवरील आंकडे : कोस, मैल आणि किलोमीटर

शिलालेख, ताम्रपट, सनदा व महजर यांच्या संशोधनांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांच्यापुढें रस्त्याच्या कडेच्या रंगविलेल्या दगडाचा विषय मांडणें कांहींसें धाडसाचें वाटेल. ज्या दगडावर राजाचें नांव नाहीं, शक नाहीं, दानाचा उल्लेख नाहीं, केवळ एका गांवाचें नांव व एक आंकडा आहे, त्यास लेख म्हणावें काय, असा प्रश्न कोणी करील. म्हणावें, असें आमचें उत्तर आहे. जुन्या कागदांतील अंतरांचा अर्थ लावतांना या दगडाइतका प्रत्यक्ष पुरावा दुसरा क्वचितच हातीं येतो. आपल्या देशांत इ. स. १९६० नंतरच्या दशकांत हमरस्त्यांवरील मैल गेले व किलोमीटर आले. हा पालट इष्ट होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्याबरोबर मैलाचे दगड निकामी ठरले, आणि जुन्या कागदांतील कोस व आजचा किलोमीटर यांमधील एक दुवा निखळूं लागला. तो दुवा कोणता व तो अद्याप कितपत राखतां येईल, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम कोसाचा विचार करूं. कोस हा शब्द संस्कृत क्रोश शब्दापासून आला, व क्रोश हा क्रुश्, म्हणजे ओरडणें, या धातूपासून. हांक जेथवर ऐकूं जाते तितकें अंतर, हा त्याचा मूळ अर्थ. कौटिलीय अर्थशास्त्रांत याच जातीचें गोरुत नांवाचें माप आहे. गाईचें हंबरणें जेथवर पोंचतें तेवढें तें. अशा मापांत अनिश्चितता असणारच, आणि शास्त्रकारांनीं ती गणितानें बांधून टाकण्याचा यत्न केला आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२, इ. स. ११५०) आठ यवांचें एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश व चार क्रोशांचें एक योजन, असें कोष्टक आहे. हात १८ इंचांचा धरला तर लीलावतीचा क्रोश ४००० यार्डांचा, म्हणजे सुमारें ३६५८ मीटरांचा होतो. अर्थशास्त्राच्या गोरुतांत मात्र पाठभेद आहे. एका पाठांत तें एक हजार धनुष्यांचें, तर दुसऱ्या पाठांत दोन हजारांचें. हस्तलिखितांतील 'द्वि' हें एक अक्षर गळलें कीं राहिलें, एवढ्यावर सारें अंतर निम्मे किंवा दुप्पट होतें.

असाच वाद अशोकाच्या सातव्या स्तंभलेखाविषयीं आहे. रस्त्यांवर वड लावविले, आंबराया केल्या व 'अढकोसिक्य' अंतरावर विहिरी खणविल्या, असें तो राजा त्या लेखांत सांगतो. हा शब्द कोणी अर्धक्रोश असा लावतात, कोणी अष्टक्रोश असा लावतात. अर्ध्या कोसावर विहीर म्हणजे वाटसरूस घटकेगणिक पाणी; आठ कोसांवर विहीर म्हणजे एका मजलेअखेर पाणी. दोन्ही अर्थ व्याकरणांत बसूं शकतात, पण दोहोंनीं राज्यकारभाराचें चित्र मात्र अगदीं निराळें होतें. अंतराचें माप हा किरकोळ विषय आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं या एका शब्दाचा विचार करावा.

मोंगल काळांत कोसास प्रथम दगडविटांचें रूप आलें. आईन-इ-अकबरीप्रमाणें एक कोस शंभर तनाबांचा व एक तनाब पन्नास इलाही गजांचा, म्हणजे कोस पांच हजार गजांचा. इंग्रजी अमदानींत इलाही गज ३३ इंचांचा धरण्यांत आला; त्या हिशोबानें अकबरी कोस २ मैल १०६३ यार्ड, म्हणजे सुमारें ४१९१ मीटर होतो. जहांगीरानें इ. स. १६१९ मध्यें आग्र्यापासून लाहोरपर्यंत दर कोसास एक मिनार व दर तीन कोसांस एक विहीर बांधण्याचा हुकूम केला. हे कोसमिनार हरियाणा, दिल्ली व उत्तर प्रदेश यांत अद्याप अनेक ठिकाणीं उभे आहेत. एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारांत आहे. दिल्लीजवळच्या अशा पांच जोड्यांमधील अंतरें एकोणिसाव्या शतकांत मोजण्यांत आलीं, त्यांची सरासरी २ मैल ४ फर्लांग १५८ यार्ड, म्हणजे सुमारें ४१६८ मीटर भरली. ग्रंथांतील कोस व जमिनीवरील कोस यांत अवघा तेवीस मीटरांचा फरक निघाला. मिनार उभे नसते तर आईनमधील आंकडा खरा कीं केवळ दरबारी, हें कोणासही सांगतां आलें नसतें. रस्त्यावरील खूण ही ग्रंथाची साक्ष कशी होते, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

आतां मोडी कागदांत 'दहा कोस' असें लिहिलेलें आढळलें तर काय समजावें? रूढीनें कोस म्हणजे दोन मैल धरला, तर ३२ किलोमीटर. लीलावतीच्या मानानें साडेछत्तीसाहून थोडे अधिक. अकबरी मानानें जवळजवळ ४२. दहा कोसांत दहा किलोमीटरांची तफावत म्हणजे नदीअलीकडचें गांव कीं पलीकडचें, घाटाखालचें ठाणें कीं घाटमाथ्यावरचें, इतका फरक. दर बारा कोसांवर भाषा बदलते असें आपण म्हणतों. कोस स्वतःही तितक्याच अंतरावर बदलत असे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या गोंधळांत इंग्रजांनीं मैल आणला. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींतील इ. स. १५९३ च्या कायद्यानें आठ फर्लांगांचा, म्हणजे ५२८० फुटांचा मैल ठरला होता. तोच मैल पुढें हिंदुस्थानांतील रस्त्यांवर साखळीनें व चाकानें मोजला गेला, आणि इ. स. १८८९ च्या लांबीच्या मापांविषयींच्या कायद्यानें इंग्रजी यार्ड येथील प्रमाण झाला. आपल्या प्रांतांतील अतिशय जुने मैलाचे दगड मुंबईंत आहेत. त्यांवर रोमन आंकड्यांत मैल व 'सेंट थॉमसच्या चर्चपासून' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले आहेत. कोटांतील हें देवालय इ. स. १७१८ मध्यें उघडलें व इ. स. १८३७ मध्यें त्यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. दगडांवर 'चर्च' हा शब्द आहे, 'कॅथीड्रल' नाहीं. यावरून ते त्या सालापूर्वींचे असावेत असें अनुमान निघतें. तारीख नसलेल्या लेखाचा काळ त्यांतील पदवीवरून ठरविण्याची ही पद्धति ताम्रपट वाचणाऱ्यांस नवी नाहीं. यांतील कित्येक दगड पदपथांची उंची वाढत गेल्यानें मानेपर्यंत गाडले गेले होते. अलीकडे ते मोकळे करून जपण्याचें काम महानगरपालिकेनें हातीं घेतलें, ही समाधानाची गोष्ट आहे.

दुसरें उदाहरण नागपूरचें. तेथील शून्य मैलाच्या स्तंभाजवळ चार घोडे असून, षट्‌कोनी दगडावर निरनिराळ्या गांवांचीं अंतरें मैलांत कोरलीं आहेत. जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, हैदराबाद ३१८, असे तेथील आंकडे. शिवनीचे ७९ मैल म्हणजे १२७ किलोमीटर, व जबलपूरचे १७० मैल म्हणजे सुमारें २७४. हा स्तंभ देशाचा मध्यबिंदु होय अशी लोकसमजूत आहे. तिच्या खरेखोटेपणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आम्हांस त्याचें महत्त्व एवढेंच कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपुराहून निघणारे रस्ते किती लांबीचे मानले जात, हें त्या दगडानें आपल्यासाठीं राखून ठेवलें आहे. त्याच नागपुरांत इ. स. १९४३ सालीं देशांतील मुख्य अभियंत्यांची परिषद भरून राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी ठरली. त्याआधीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समिति इ. स. १९२७ मध्यें नेमली गेली होती, व तिच्या शिफारशींच्या ओघांत इ. स. १९३४ मध्यें इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. तोंवरचें रस्त्यांचें सारें दप्तर मैल व फर्लांग यांच्या भाषेंत आहे.

मीटराची कथा निराळी. इ. स. १७९१ मध्यें फ्रान्सांत असें ठरलें कीं, लांबीचें माप कोणा राजाच्या हातावरून न घेतां पृथ्वीच्या परिघावरून घ्यावें. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश तो मीटर. डलांब्र व मेशँ या दोघांनीं डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा मोजली, व इ. स. १७९९ मध्यें मीटर निश्चित झाला. हिंदुस्थानांत मेट्रिक मापें आणण्याचा यत्न इ. स. १८७० व १८७१ च्या कायद्यांनीं झाला होता. त्यांत शेर किलोग्रॅमाबरोबर धरला होता. पण ते कायदे अंमलांत आले नाहींत. स्वातंत्र्यानंतर इ. स. १९५६ मध्यें वजनमापांचा नवा कायदा झाला. त्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यवहारांत मेट्रिक मापें सक्तीचीं झालीं. त्याच ओघांत रस्त्यांवर किलोमीटरचे दगड उभे राहिले. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा, अशी खूण ठरली. ज्या देशानें आपणांस मैल दिला त्या ब्रिटनांत रस्त्यांच्या पाट्यांवर आजही मैलच आहेत. शेजारच्या आयर्लंडनें वेगमर्यादेच्या पाट्या २० जानेवारी २००५ रोजीं एका दिवसांत किलोमीटरांत बदलल्या. आपण हें काम त्याच्या कितीतरी आधीं पुरें केलें, याचा अभिमान वाटणें योग्यच आहे.

यांत एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मैलांच्या काळांत दोन मैलदगडांच्या मध्यें फर्लांगांचे लहान दगड असत. किलोमीटर आल्यावर त्यांच्या जागीं दोनशें मीटरांचे लहान दगड आले. फर्लांग २०१.१६८ मीटरांचा असतो. म्हणजे जुन्या व नव्या लहान दगडांच्या अंतरांत फरक एक मीटराहून किंचित् अधिक एवढाच. त्यामुळें चालणाऱ्याच्या डोळ्यांस रस्ता पूर्वींसारखाच दिसतो, पण आंकडा मात्र सर्वस्वीं पालटलेला असतो. संशोधकाच्या चुका येथेंच होतात. अशा तीन चुका आमच्या पाहण्यांत वारंवार येतात.

पहिली चूक, एकक न पाहतां आंकडा घेणें. रस्त्यांच्या जुन्या दप्तरांत '४२/३' असें लिहिलेलें असतें. तेथें मैल ४२, फर्लांग ३ असा अर्थ असेल, तर तें ठिकाण आरंभापासून ६८ किलोमीटर १९६ मीटरांवर पडतें. परंतु पूल व मोऱ्या यांचे क्रमांकही असेच लिहितात. तेथें '४२/३' म्हणजे त्या मैलांतील किंवा किलोमीटरांतील तिसरी मोरी. रेघेखालीं सातांहून मोठा आंकडा असेल तर तो फर्लांग नव्हे, हें निश्चित. २००, ४०० अशी संख्या असेल तर कागद मेट्रिक काळांतला, हेंही निश्चित. सात किंवा त्याहून लहान आंकडा असेल तेथें मात्र संदर्भ पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

दुसरी चूक, रूपांतरित आंकड्यास मोजलेला आंकडा समजणें. कँबेलनें संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत 'सुमारें वीस मैल' अशीं ढोबळ अंतरें पुष्कळ आहेत. पुढील सुधारित आवृत्त्यांत तशाच जागीं ३२.१८ किलोमीटर असे आंकडे भेटतात. वाचणारा समजतो कीं, कोणी दहा मीटरांपर्यंत काटेकोर मोजणी केली. वस्तुतः जुन्या अदमासास गुणाकारानें आलेला हा दशांशाचा साज आहे. मूळ लेखकानें वीस मैल लिहिले तेव्हां त्याच्या मनांत एकोणीस ते एकवीस असें कांहींही असूं शकेल.

तिसरी चूक, शून्य कोठें आहे तें न विचारणें. दगडावरील आंकडा नेहमीं कोठून तरी मोजलेला असतो. इ. स. २०१० मध्यें राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्यानें देण्यांत आले. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा रस्ता पूर्वीं चौथ्या क्रमांकाच्या महामार्गाचा भाग होता. तो आतां दिल्लीहून निघून चेन्नईस पोंचणाऱ्या अठ्ठेचाळीसाव्या क्रमांकाच्या मार्गाचा भाग आहे, व चार हा क्रमांक अंदमानांतील मार्गास मिळाला आहे. पन्नास वर्षांपूर्वींच्या कागदांत 'महामार्ग ४, किलोमीटर अमुक' असें असेल, तर आजच्या नकाशावर तें ठिकाण त्या नांवानें सांपडणार नाहीं. उलट लोकांच्या जिभेवर जुना मैल टिकून राहतो. नाशिकाहून ओझरकडे जातांना 'दहावा मैल' या नांवाचें ठिकाण आजही सर्वांस ठाऊक आहे. दगडावरचा मैल पुसला, पण ठिकाणाच्या नांवांत तो उरला. अशीं नांवें गोळा करणें हेंही संशोधनच होय.

या चुका आम्ही इतरांच्याच पदरीं बांधतों असें नाहीं. आम्हांसही एक चूक नडली आहे. आमच्याजवळ मुक्कामांची एक मोडी यादी आहे. तींतील लागोपाठचीं दोन ठिकाणें निःसंशय ओळखूं येतात, व त्यांमधील अंतर सात कोस लिहिलें आहे. आजच्या पाटीप्रमाणें त्या दोन गांवांत एकवीस किलोमीटर आहेत. म्हणून यादीकाराचा कोस तीन किलोमीटरांचा, असें आम्हीं धरलें, आणि पुढील सहा कोसांवरचें 'वाडी' हें ठिकाण अठरा किलोमीटरांवरील वाडी होय, असें एका व्याख्यानांत सांगूनही टाकलें. पुढें एकदां त्या भागांत पायीं फिरतांना, नव्या रस्त्यानें मागें टाकलेला जुना रस्ता लागला. त्यावर दोन मैलदगड उभे होते. एक पहिल्या गांवाच्या वेशीजवळ, दुसरा दुसऱ्या गांवाच्या ओढ्याजवळ. रंग उडाला होता, पण कोरलेले आंकडे शाबूत होते: ३१ व ४६. म्हणजे जुन्या वाटेनें अंतर पंधरा मैल, किंवा २४ किलोमीटरांहून थोडें अधिक. टेकडी फोडून नवा रस्ता सरळ केला, तेव्हां तीन किलोमीटर वाचले होते; आणि तेवढ्यानें आमचा कोस आंखूड झाला होता. जुन्या वाटेनें हिशोब केला तर यादीकाराचा कोस सुमारें ३.४५ किलोमीटरांचा निघाला, सहा कोस पावणेएकवीस किलोमीटर झाले, आणि त्या अंतरावर दुसरी वाडी आहे. तिच्या वेशींत जुन्या ठाण्याचा चौथराही आहे. आमचें पूर्वींचें विधान आम्ही येथें मागें घेतों. यादीचें संपादन चालू असल्यामुळें गांवांचीं नांवें तीसोबतच प्रसिद्ध करूं.

यावरून जी पद्धति सुचते ती थोडक्यांत अशी. एखाद्या कागदांतील कोस किती लांबीचा, हें कोष्टकावरून ठरवूं नये. त्याच कागदांतील दोन निश्चित ठिकाणें घेऊन ठरवावें. त्या दोन ठिकाणांतील अंतर आजच्या पाटीवरून घेऊं नये, कारण आजची पाटी आजच्या रस्त्याची लांबी सांगते, व आजचा रस्ता वळणें तोडून, गांवें टाळून, पुलांवरून जातो. मैलांचा रस्ता मात्र पुष्कळ ठिकाणीं जुन्या पायवाटेवरच घातलेला होता. म्हणून मैलाचा दगड जुन्या कोसाच्या अधिक जवळचा साक्षीदार आहे. जमिनीवरील वाट व तीवरील मोजणी या दोन्ही गोष्टी तो एकत्र सांगतो. किलोमीटर हें माप शुद्ध आहे, सर्वत्र एकच आहे, व आपल्या साऱ्या मापांस अखेर त्याच्याशींच ताडून पाहिलें पाहिजे. परंतु कोसावरून थेट किलोमीटरावर उडी घेतली तर पाय घसरतो. मध्यें मैलाची पायरी असावी लागते.

आणि ती पायरी आपल्या डोळ्यांदेखत नाहींशी होत आहे. वर सांगितलेल्या जुन्या रस्त्यावरच पुढें एका मोरीच्या कठड्यांत एक तिसरा दगड आडवा बसविलेला आम्हीं पाहिला. त्याची आंकड्याची बाजू चुन्यांत गेली आहे. ज्या गवंड्यानें तो बसविला त्यास दोष देतां येत नाहीं. त्याला तो नुसता चांगला घडीव दगड दिसला. दोष आपला कीं, तो लेख आहे हें आपण कोणास सांगितलें नाहीं. रस्ते रुंद होणारच, व व्हावेतही. परंतु रुंदीकरण होण्यापूर्वीं एक दिवस त्या वाटेनें हिंडून दगडांची टिपणें करणें कोणासही अशक्य नाहीं.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांस आमची विनंती आहे. आपापल्या तालुक्यांत जुने मैलदगड, फर्लांगाचे दगड किंवा त्यांचे तुकडे आढळल्यास त्यांवरील आंकडा, लिपि, गांवाचें नांव व दगड ज्या वाटेवर आहे ती वाट, एवढें लिहून ठेवावें. शक्य तर ठसा किंवा छायाचित्र घ्यावें. दगड जागचा हलवूं नये, कारण जागा गेली कीं त्याच्या आंकड्यास अर्थ उरत नाहीं. मोडी यादींतील एका वाडीचें ठिकाण अशा दोन दगडांनीं निश्चित झालें. आणखी किती ठिकाणें अशा दगडांची वाट पाहत असतील, तें टिपणें जमल्यावरच कळेल. या लेखांत कांहीं उणें राहिलें असल्यास जाणत्यांनीं तें दाखवून द्यावें.